कॉम्प्युटर कुणी कोरा केला?

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आप्पांनी कारखान्याचं कुलूप काढलं, मेन स्विच वर केला, कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत शिरलो.

खोली तीच होती. दुसऱ्या मजल्यावरची, एका खिडकीची. भिंतीला लागून विणकामाचं लांबलचक मशीन, त्याच्या शेजारी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरमधून मशीनमध्ये गेलेली जाड करडी वायर. सगळं जागच्या जागी. फक्त कॉम्प्युटरचा पडदा बदलला होता. रोजचा हिरव्या डोंगराचा फोटो गायब, तिथे कोरा निळा रंग. डाव्या बाजूला रांगेनं असायच्या त्या चिन्हांपैकी एकही नाही. कोपऱ्यात एकटा कचऱ्याचा डबा.

सवयीनं आप्पांचा हात खाली उजवीकडे गेला. त्यांनी तारीख लावली, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लावली. हे रोजचं पहिलं काम. कॉम्प्युटर म्हातारा झालेला, रात्रीत वेळ विसरायचा. मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की, वेळ लावून उपयोग काय? उघडायला आत काहीच नाही.

स्वेटरचे नमुने बायकोनं काढलेले होते. गळ्याचे, बाह्यांचे, नक्षीचे, बारा वर्षांत काढलेले शेकडो. ती गेली त्याला सात महिने झाले होते. तिचे कपडे आप्पांनी वाटून टाकले होते, चष्मासुद्धा देऊन टाकला होता. नमुने मात्र रोज उघडत होते आणि मशीनवर चढवत होते. ती गेली तरी तिचं काम चालू आहे, एवढाच आधार होता.

"मालक, आज मशीन गप्प का?" दारातूनच मावशींचा आवाज आला. मावशी सतरा वर्षं मशीन चालवत होत्या. मशीनच्या खडखडाटावर बोलायची सवय असल्यामुळे शांत खोलीतसुद्धा ओरडूनच बोलायच्या. त्या आत आल्या, पडद्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"मी काही नाही केलं."

पण बोलता बोलताच आप्पांना आठवलं. शनिवारी संध्याकाळी पडद्यावर एक पाटी आली होती. तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, असं काहीतरी. खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नंतर'. ती असताना नेहमी 'नंतर' दाबायची.

आप्पांनी 'हो' दाबलं होतं.

२

संध्याकाळी मुलगा आला, बरोबर सून. मुलगा विम्याच्या ऑफिसात होता. कुठलीही गोष्ट ऐकताना मनातल्या मनात फॉर्म भरतोय असा चेहरा करायचा.

"बाबा, नीट आठवा. 'हो' दाबल्यावर काय झालं?"

"काही नाही. एक पान उघडलं. मी ते बंद केलं. रविवारी आम्ही दिवसभर काम केलं की. सहाला बंद करून गेलो तेव्हा सगळं ठीक होतं."

"आणि काल? सोमवार तुमचा सुट्टीचा दिवस. काल आला होतात इथे?"

आप्पा कालचा दिवस आठवू लागले. दुपारचं त्यांना स्पष्ट आठवत होतं. तीन वाजता मुलगाच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डोळ्यांत थेंब घातले, सहापर्यंत तिथेच बसवलं, मग मुलानं घरी आणून सोडलं आणि साडेसातपर्यंत जवळ बसला. पण सकाळी? आपण इथे येऊन तिच्या खुर्चीवर बसलो होतो, हे त्यांना आठवत होतं. खिडकीतलं ऊन आठवत होतं. मात्र ते कालचं की गेल्या सोमवारचं, हे कितीही डोकं खाजवलं तरी कळेना. आठवडे एकात एक मिसळले होते.

"आलो असेन," ते म्हणाले. "मीच केलं असेल. दुसरं कोण करणार?"

मुलानं सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की दुःखाचा, हे आप्पांना समजलं नाही. "बाबा, मी तुम्हाला दोष देत नाही. पण आता एकट्यानं राहणं पुरे. शनिवारी तो जुन्या मशीनवाला टेम्पो घेऊन येतो म्हणालाय. मशीन देऊन टाकू, खोली रिकामी करू, तुम्ही आमच्याकडे चला."

"कॉम्प्युटर बिघडला म्हणून माणसाला घर सोडायला लावतात होय?" मावशी कोपऱ्यातून गरजल्या.

"मावशी, कॉम्प्युटरचा प्रश्न नाहीये."

खरंच नव्हता. आप्पांना ते कळत होतं. प्रश्न त्यांच्या डोक्याचा होता. आपल्या हातून एवढी मोठी गोष्ट घडते आणि आपल्याला पत्ता नसतो, तर उद्या काय काय घडेल?

सून मागे उभी होती. डब्याची पिशवी घडी करता करता ती म्हणाली, "बाबा, नक्की तुम्हीच केलंत का? परत एकदा आठवून बघा ना."

आप्पांनी डोळे मिटून आठवलं. ऊन आठवलं, खुर्ची आठवली. आणि आता तर त्यांना आपलं बोट कळफलकावर दिसायला लागलं.

३

"मालक, शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत," बुधवारी सकाळी मावशींनी फर्मान काढलं. "मी फुंकरला बोलावलंय."

फुंकर म्हणजे तळमजल्यावरची दुरुस्तीवाली. तिशीतली बाई, केस आखूड, खिशात कायम चार स्क्रू-ड्रायव्हर. कुठलंही यंत्र समोर आलं की आधी झाकण उघडून आत जोरात फुंकर मारायची, म्हणून सगळी इमारत तिला त्याच नावानं हाक मारायची. तिला त्याचं काही वाटत नसे. पाटीवरही तिनं तेच लिहून घेतलं होतं.

तिनं झाकण उघडलं. फुंकर मारली. मावशी शिंकल्या.

"किती वर्षांची धूळ ही?"

"कॉम्प्युटर बारा वर्षांचा," आप्पा म्हणाले. "तिनं नवाकोरा आणला होता. मशीनचा प्रोग्राम याच जुन्या सिस्टीमवर चालतो, नव्यावर चालत नाही. म्हणून बदलला नाही."

"बरोबर. अशी मशीनं असतात, जुन्याच सिस्टीमचं ऐकतात." फुंकर खुर्चीवर बसली, इकडे तिकडे उघडून बघायला लागली. बराच वेळ ती 'हं' एवढंच म्हणत होती. 'हं' चे तिच्याकडे पाच-सहा प्रकार होते आणि एकाचाही अर्थ आप्पांना लागत नव्हता.

"आप्पा, सिस्टीम बिघडलेली नाही. कुणीतरी सीडीची तबकडी घालून नव्यानं टाकलीये. तीच जुनी सिस्टीम, पण पहिल्यापासून. हे आपोआप होत नाही. माणूस बसावा लागतो, वीस ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात."

"म्हणजे मी 'हो' दाबलं त्यानं..."

"थांबा. ही बघा, सिस्टीम कधी टाकली त्याची नोंद असते." तिनं पडद्यावर एक खिडकी उघडली, आणि 'हं' चा एक नवाच प्रकार ऐकू आला.

"काय झालं?"

"इथे एक जानेवारी लिहिलंय. रात्री बारा वाजून पस्तीस मिनिटं."

"आता कुठली आली एक जानेवारी?" मावशी म्हणाल्या.

"या वर्षीची नाही. सोळा वर्षांपूर्वीची." फुंकरनं मान वळवून आप्पांकडे पाहिलं. "कॉम्प्युटर बारा वर्षांचा म्हणालात ना? मग यात सिस्टीम टाकली कधी, तर तुम्ही तो विकत आणायच्या चार वर्षं आधी."

४

आप्पांना वाटलं, चला, नुसतं माझंच डोकं फिरलेलं नाही. कॉम्प्युटरचंही फिरलंय.

फुंकरनं मात्र एका कागदावर ती वेळ लिहून घेतली आणि चौकशी सुरू केली. किल्ल्या कुणाकडे? आप्पांकडे एक, मावशींकडे एक, मुलाच्या घरी खिळ्याला एक. इमारतीचं फाटक? वॉचमन सकाळी आठला उघडतो, रात्री नऊला बंद करतो, त्यानंतर मुंगीसुद्धा आत येत नाही.

"मावशी, तुम्ही सोमवारी कुठे होतात?"

"माझ्यावर संशय?" मावशींचा आवाज मूळ पट्टीवर आला. "सतरा वर्षं या मशीनला मी तेल घालते, आणि मी त्याचं डोकं फोडीन? सोमवारी घरी होते. गुडघे शेकत होते. विचार माझ्या गुडघ्यांना."

"बरं बरं. तो जुन्या मशीनवाला?"

"तो गेल्या आठवड्यात येऊन गेला," आप्पा म्हणाले. "दाराची रुंदी मोजली, मशीनची लांबी मोजली. माझ्याकडे असं बघत होता की माझंही माप घेतो की काय."

"कॉम्प्युटरला हात लावला त्यानं?"

"छे. तो म्हणाला, हे डबडं तुम्हीच ठेवा."

फुंकर हसली आणि परत पडद्याकडे वळली. आता तिनं अपडेटची यादी उघडली होती. "आप्पा, इथे खरी गंमत आहे. ही सिस्टीम नवी टाकली की अगदी बाळासारखी असते. जगात काय काय झालं तिला माहीत नसतं. तिला सगळी जुनी अपडेट द्यावी लागतात, दोनशेच्या वर. ती कंपनीकडून नेटवरून येतात. पण गोम अशी की ती आणायची कशी, हेच या बाळाला कळत नाही. नुसतं 'शोधत आहे, शोधत आहे' म्हणत बसतं. आधी तीन अपडेट हातानं घालावी लागतात, आणि तीही ठरावीक क्रमानं. क्रम चुकला की बसलात बोंबलत. मला स्वतःला तो क्रम शोधायला दोन दिवस लागले होते."

"मग?"

"मग इथे ती तिन्ही आहेत. बरोबर त्याच क्रमानं. रात्री दोन दहा, दोन पंचवीस, दोन पन्नास. त्यानंतर बाकीची आणायचा प्रयत्न केलाय, पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी फसलाय. शेवटचा प्रयत्न चार चाळीसला. तेव्हा कुणी ऐऱ्यागैऱ्यानं हे केलेलं नाही. त्याला क्रम माहीत होता."

"काकूंना माहीत होता," आप्पांच्या बायकोची आठवण काढून मावशी एकदम म्हणाल्या. "त्यांनी दोनदा टाकली होती ना सिस्टीम. निळ्या वहीत सगळं लिहून ठेवलेलं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवलेलं, त्यात तबकडी आणि पेनड्राइव्ह."

"कुठे आहे ती वही?"

टेबलाचा खण उघडला. वही नव्हती. कपाट उघडलं. नव्हती. आप्पांना ती शेवटची कधी पाहिली तेही आठवेना. आजारपणात बायको मुलाच्या घरी होती, तेव्हा वही तिच्या उशाला असायची. त्यानंतर?

"ज्याच्याकडे वही, तो आपला माणूस," फुंकर म्हणाली आणि जेवायला गेली.

आप्पांना भूक नव्हती. तरी मावशींच्या धाकानं त्यांनी कापडी पिशवीतून डबा काढला. डब्याखाली काहीतरी टणक हाताला लागलं. त्यांनी ते बाहेर काढलं.

निळी वही होती. त्यांच्याच पिशवीत.

५

ती दुपार आणि संध्याकाळ आप्पांनी कशी काढली ते त्यांनाच माहीत. वही त्यांनी कुणाला दाखवली नाही. घरी जाऊन तिचं अक्षर बघत बसले. ठसठशीत, जराही न डळमळणारं अक्षर. 'आधी तबकडी. विचारेल तेव्हा पुसू नको, पुढे जा. मग पेनड्राइव्हमधली तीन, एक-दोन-तीन अशीच. मग नेट जोडून सोडून दे. दोन दिवस लागतात. हात लावू नको, चहा पी.'

चहा पी, असं तिनं कुणासाठी लिहिलं असेल? माझ्यासाठीच, आप्पांना वाटलं. आणि मीच ते सगळं केलं, आणि वही पिशवीत घातली, आणि विसरलो. सगळं जुळत होतं. जुळत नव्हते ते फक्त आप्पा स्वतः.

गुरुवारी सकाळी ते कारखान्यात गेलेच नाहीत. सरळ तळमजल्यावर फुंकरच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी वही ठेवली.

"सापडला तुझा माणूस. माझ्याच पिशवीत होती. चौकशी बंद कर. मुलाला सांगतो, टेम्पो आजच आण."

फुंकरनं वही वाचली. सगळी पानं वाचली. मग तिनं भलताच प्रश्न विचारला.

"आप्पा, तुम्ही सकाळी कारखाना उघडल्यावर काय काय करता? एकेक सांगा. फालतू वाटलं तरी सांगा."

"करायचं काय? कुलूप काढतो. मेन वर करतो. कॉम्प्युटर लावतो. वेळ लावतो. मग नमुना..."

"थांबा. वेळ लावतो म्हणजे?"

"त्याची तारीख आणि वेळ रोज चुकलेली असते. संध्याकाळी मेन खाली पाडायचा, हा तिचा नियम होता. भिंतीवर लिहिलंय. मेन पाडला की हा सगळं विसरतो. म्हणून रोज सकाळी आधी वेळ. ती लावायची, मावशी आधी पोहोचल्या तर मावशी लावतात, आता मी लावतो. हातच जातो तिकडे."

"मंगळवारी?"

"मंगळवारी पण लावली. आत काही नाही हे दिसत असूनही लावली. मावशी अजून आल्या नव्हत्या, नाहीतर हसल्या असत्या."

फुंकर उठून उभी राहिली. चेहरा असा की आत्ता कुणाच्याही कानात फुंकर मारील. "आतला सेल मेलाय. बटणाएवढा सेल असतो, वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवतो. तो मेला की वीज आल्या क्षणी घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. या कॉम्प्युटरचं पहिलं म्हणजे ती सोळा वर्षांपूर्वीची एक जानेवारी, रात्रीचे बारा."

"मग?"

"ज्यानं सिस्टीम टाकली त्यानं वेळ लावलीच नाही, आप्पा! पाच तास तो समोर बसला, पण एकदाही घड्याळ लावलं नाही. म्हणून तर बाकीची अपडेट आली नाहीत. कॉम्प्युटर सांगतोय की वर्ष सोळा वर्षांपूर्वीचं आहे. पलीकडचा म्हणतो, तू खोटारडा आहेस, तुला काही देत नाही. आणि वहीत बघा. कुठे लिहिलंय, आधी वेळ लाव म्हणून?"

आप्पांनी वही घेतली. खरंच नव्हतं. कशाला लिहील ती? श्वास घ्या, असं कुणी वहीत लिहितं का?

"ज्याला वही पाठ आहे पण सकाळची सवय नाही, असा माणूस. तुमचा हात तर झोपेतसुद्धा तिकडे गेला असता. मावशींचाही. हे तुम्ही केलेलं नाही. आणि ते 'हो' म्हणाल, तर ती नुसती जाहिरातीची पाटी. या सिस्टीमची नवी अपडेट कंपनीनं कधीच बंद केली. तुम्ही शंभर वेळा 'हो' म्हणालात तरी येणार काय?"

आप्पा खाली बसले. खुर्ची नव्हती, खोक्यावर बसले. मग त्यांच्या मनात दुसरा प्रश्न आला आणि त्यांना वाटलं, पहिलंच उत्तर बरं होतं.

"मग माझ्या पिशवीत वही कुणी घातली?"

६

फुंकरनं कालचा कागद काढला. "ही जी वेळ आहे, ती खरी वेळ नाही. पण मोजमाप खरं आहे. बारा पस्तीस म्हणजे वीज आल्यापासून पस्तीस मिनिटांनी. चार चाळीस म्हणजे चार तास चाळीस मिनिटांनी. आता मला असा वेळ शोधायचाय की जेव्हा वीज न जाता सलग पावणेपाच तास होती, आणि माणूस आत असू शकत होता."

"रविवारी सहाला आम्ही बंद केलं," आप्पा सावकाश म्हणाले. त्यांना वाटत होतं, आपण पाण्याखालून बोलतोय.

"नऊला फाटक बंद. तीनच तास. मंगळवारी आठला फाटक उघडलं, नऊला तुम्ही आलात. एक तास. राहिला सोमवार." तिनं जिन्याकडे बोट केलं. तिथे वीजखात्याचा कागद अजून चिकटलेला होता. सोमवारी तारांच्या कामासाठी दहा ते अडीच वीज बंद. "आठ ते दहा, दोन तास. पुरत नाहीत. म्हणजे तुम्ही सकाळी आला असलात, नसलात, काही फरक पडत नाही. काम झालं ते अडीचनंतर. किमान सव्वासातपर्यंत."

"तेव्हा मी डॉक्टरकडे होतो. डोळ्यांत थेंब. समोरचा माणूससुद्धा धूसर दिसत होता."

"आणि तुमचा मुलगा तुमच्याबरोबर होता."

"साडेसातपर्यंत."

"मशीनवाल्याकडे ना किल्ली, ना वही." फुंकरनं कागद घडी करून खिशात घातला. चार स्क्रू-ड्रायव्हर असलेली ती बाई एकदम संकोचलेली दिसली. "आप्पा, तुमची डब्याची पिशवी रोज कोण भरतं?"

आप्पांनी हातातल्या वहीकडे पाहिलं. तिसऱ्या किल्लीचा खिळा कुणाच्या घरात आहे, आजारपणात उशाशी कोण बसायचं, हे सगळं त्यांना आता धडाधड आठवत होतं. गेले तीन दिवस दगा देणारं डोकं नेमकं आत्ता लख्ख चालत होतं.

"वर चला," फुंकर म्हणाली. "सेल बदलते, वेळ लावते आणि अपडेट सोडते. वहीत 'पुसू नको' लिहिलंय. ते पाळलं असेल तर नमुने गेलेले नाहीत. जुनं सगळं एका बाजूच्या खणात, म्हणजे फोल्डरमध्ये, ढकललेलं असतं. फक्त सगळी अपडेट झाल्याशिवाय मशीनचा प्रोग्राम चालणार नाही, आणि त्याशिवाय नमुने उघडणार नाहीत."

वर जाताना आप्पा तीनदा थांबले. जिना चढवत नव्हता म्हणून नाही. मुलानं केलं असतं तर भांडता आलं असतं.

७

अपडेट येत होती. गुरुवारी दिवसभर आली, रात्रभर मेन चालू ठेवला, शुक्रवारी सकाळीही येत होती. 'दोनशे अकरापैकी एकशे त्र्याण्णव.' मावशी मशीन पुसत होत्या आणि मध्येच आकडा ओरडून सांगत होत्या, जणू सामन्याची धावसंख्या.

साडेबाराला सून डबा घेऊन आली. रोज सकाळी आप्पाच मुलाच्या घरून डबा घेऊन येत, पण आज ते मुद्दाम गेले नव्हते आणि तिला फोन करून आणायला सांगितलं होतं. ती दारात थांबली. पडद्यावर सरकणारा आकडा तिनं पाहिला.

"चाललं?" तिच्या तोंडून निघून गेलं. "माझ्याच्यानं का नाही..."

मावशींचं फडकं थांबलं. फुंकर मान खाली घालून उगाच एक स्क्रू काढून परत घट्ट करायला लागली.

"बस," आप्पा म्हणाले.

ती बसली. "आईंनी मला शिकवलं होतं. शेवटचे चार महिने, पडल्या पडल्या. वही माझ्याकडेच होती. मी दर सोमवारी दुपारी यायचे, नमुने काढून बघायला, आणि जाताना मेन पाडायचे. तुम्हाला सांगणार होते, एखादा चांगला जमला की. या सोमवारी अडीचला आले तर कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, परत सुरू, परत काळा. वहीत होतं तसं केलं. तीन अपडेट गेली. पुढे काही हलेचना. आणि नमुने कुठेच दिसेनात. मला वाटलं, मी आईंचं सगळं पुसलं."

"मग सांगायचं."

"मंगळवारी सांगायलाच आले होते. तुम्ही म्हणालात, मीच केलं असेल. आणि हे इतके..." ती थांबली. "यांना तुम्ही घरी यायला हवे आहात, बाबा. रोज रात्री फोनची वाट बघतात, शेजाऱ्यांचा येईल म्हणून. मला वाटलं, असंही तुम्ही येणारच, मग कशाला... वही पिशवीत ठेवली, परत इथे पोहोचावी म्हणून. तुम्हाला काय वाटेल ते सुचलंच नाही मला."

"तीन दिवस," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीन दिवस मी स्वतःला खुळा समजत होतो. मला माझं बोट दिसत होतं, न केलेल्या गोष्टी करताना. नमुने गेले असते तर मी रडलो असतो आणि गप्प बसलो असतो. पण हे? हे मी विसरणार नाही."

ती रडली नाही. "नका विसरू," म्हणाली. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न लपवता. मग तिनं फोन आप्पांपुढे केला.

"बाबा," मुलगा म्हणाला. फॉर्म भरणारा आवाज कुठेच नव्हता. "मी सोडून सगळे बरोबर होते की काय?"

"सगळे नाही. मी विसरतो, ते खरं आहे. परवा दूध दोनदा आणलं. सोमवारी सकाळी इथे आलो होतो का, ते अजून सांगता येत नाही. तेवढं माझं. पण जे माझं नाही ते माझ्या नावावर नको."

"टेम्पोला नाही म्हणून कळवू?"

"कळव. आणि रात्री शेजाऱ्यांच्या फोनची वाट बघू नकोस. मलाच कर, नऊ वाजता. उचलला नाही तर ये."

"दोनशे अकरा!" मावशी किंचाळल्या.

फुंकरनं प्रोग्राम सुरू केला, बाजूला ढकललेला जुना खण उघडला. नमुने होते. बायकोनं दिलेल्या नावांसकट, रांगेनं, एकही न गळता. आप्पांनी चष्मा पुसला आणि यादी शेवटापर्यंत खाली नेली. शेवटी सव्वीस नमुने असे होते की जे त्यांनी कधी पाहिले नव्हते. सगळ्यांच्या तारखा ती गेल्यानंतरच्या, सगळ्यांची वेळ दुपारची.

फुंकरनं सुनेला मेलेल्या सेलचं आणि घड्याळाचं सांगितलं. "मला घड्याळ लावायची गरजच पडली नव्हती कधी," सून पुटपुटली. "पण मग या तारखा बरोबर कशा?"

"कारण रविवारी घाईत मालक मेन पाडायचे विसरतात," मावशी म्हणाल्या. "दर रविवारी. मी बघते, पण बोलत नाही. म्हणून सोमवारी घड्याळ बरोबर असतं. या सोमवारी मात्र तारवाल्यांनी वीज घालवली."

आप्पांनी मावशींकडे पाहिलं. "म्हणजे हेही माझं," ते म्हणाले, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना विसरल्याचं हसू आलं.

त्यांनी शेवटचा नमुना उघडला. पुरुषाचा स्वेटर होता, साधा, गळ्याला दोन ओळींची नक्षी. त्यांनी टाके मोजले, परत मोजले. मान हलवली.

"बाही आखूड आहे."

"माप बरोबर घेतलंय, बाबा. तुमच्या राखाडी स्वेटरवरून."

"तो धुऊन धुऊन आटलाय," आप्पा म्हणाले, आणि टेप तिच्याकडे सरकवून त्यांनी आपला हात तिच्यापुढे लांब केला.